मुलं किती गोड पेयं पितात हे मोजायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत सर्व्हे करणारे शिक्षक, पालक संघातले आईबाबा, आशाताई, होम सायन्सचा किंवा नर्सिंगचा प्रोजेक्ट करणाऱ्या मुली, सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात म्हणून एकदाच सगळी उत्तरं इथे लिहून ठेवतेय. डाएट सर्व्हेच्या कामात राहून जे शिकले तेच लिहिलंय. हवा तो प्रश्न आधी वाचा, क्रमाने वाचायलाच पाहिजे असं काही नाही.

मुळात मोजायचं कशाला? मुलं जास्त गोड पितात हे सगळ्यांना माहीतच आहे की.

माहीत आहे असं वाटतं, पण कोणती मुलं, काय पितात, कुठून घेतात आणि कोण देतं हे विचारलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो. शिक्षक म्हणतात घरून येतं, आई म्हणते शाळेबाहेरच्या टपरीवर मिळतं, टपरीवाला म्हणतो मुलं फक्त दहा रुपयेवालं घेतात. मोजल्याशिवाय केलेलं भाषण बहुतेक वेळा चुकीच्या पेयावर जातं, म्हणजे आपण तासभर कोलाच्या बाटलीवर बोलतो आणि वर्गातल्या निम्म्या पोरांची साखर चहातून आणि बोर्नविटासारखी पावडर घातलेल्या दुधातून येत असते. आधी मोजा, मग बोला, एवढंच माझं म्हणणं आहे आणि या पानावर पुढे तेच वेगवेगळ्या तऱ्हेने येणार आहे.

'गोड पेय' म्हणजे नेमकं काय काय धरायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, इथे गडबड झाली तर पुढचं सगळं फुकट जातं. फक्त 'कोल्ड्रिंक पितोस का' असं विचारून चालत नाही, कारण मुलाच्या डोक्यात कोल्ड्रिंक म्हणजे काळं किंवा नारिंगी फेसाळ पेय, टेट्रापॅकमधला मँगो ज्यूस त्यात येत नाही, रसना येत नाही, लस्सी तर नाहीच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची साखरेबद्दलची मार्गदर्शक सूचना आहे, त्यात 'फ्री शुगर' मोजायला सांगितलंय. म्हणजे वरून घातलेली कुठलीही साखर, आणि मध, सिरप, फळांच्या रसात मोकळी झालेली साखर हे पण. अख्ख्या फळातली साखर आणि दुधातली स्वतःची साखर यात धरत नाहीत. हे आपल्याकडे लावलं तर यादी अशी होते: सगळी फेसाळ कोल्ड्रिंक्स, टेट्रापॅक आणि बाटलीतले फ्रूट ड्रिंक, पॅकबंद ज्यूस, एनर्जी ड्रिंक, स्पोर्ट्स ड्रिंक, पाण्यात कालवायची पावडर आणि सिरप, लिंबू सरबत, कोकम सरबत, पन्हं (गुळाचं असलं तरी), उसाचा रस, गोड लस्सी, मिल्कशेक, फ्लेवर्ड दूध, पावडर घातलेलं दूध, साखरेचा चहा आणि कॉफी. ताक, सोलकढी, साधं दूध हे साखर घातली नसेल तर बाहेर. मठ्ठ्यात लग्नाकार्यात साखर घालतात, तिथे विचारून घ्या.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्याकडे शाळेबाहेर प्लास्टिकच्या नळीत गोठवलेलं रंगीत गोड पाणी मिळतं त्याला पोरं 'पेप्सी' म्हणतात. प्रश्नावलीत 'पेप्सी प्यायलास का' असं असेल तर अर्ध्या वर्गाचं 'हो' त्या नळीसाठी असतं. म्हणून नळीवाली वेगळी आणि बाटलीतली वेगळी असे दोन प्रश्न ठेवा, जमलं तर चित्र दाखवा.

चहा पण धरायचा? चहा तर सगळेच पितात.

सगळेच पितात म्हणूनच धरायचा. परदेशातल्या तयार प्रश्नावल्या मराठीत करून वापरतात तेव्हा हेच सगळ्यात मोठं भोक पडतं, कारण त्या प्रश्नावल्या जिथे बनल्या तिथे आठ वर्षांचं पोर सकाळी चहा-चपाती खाऊन शाळेत जात नाही. आपल्याकडे खेड्यात, आश्रमशाळेत, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांत, शहरातल्या वस्तीत चहा आणि खारी किंवा चहा आणि बिस्किट हाच नाश्ता असतो. कप छोटा असतो पण तो दिवसातून दोनदा-तीनदा आणि वर्षाचे सगळे दिवस असतो, कोल्ड्रिंक पाहुणे आल्यावर किंवा वाढदिवसाला असतं.

भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना आहे, आयएपी, त्यांच्या २०१९ च्या सूचनांमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना फेसाळ पेयं आणि चहा-कॉफी दोन्ही नको असं एकाच दमात सांगितलंय. म्हणून लहान मुलांचा सर्व्हे असेल तर चहा सोडूच नका.

घरी काढलेला ताजा रस, उसाचा रस, नारळपाणी? ते तर नैसर्गिक आहे.

घरी काढला तरी रस तो रसच. संत्र्याचा रस गाळला की चोथा गेला आणि साखर मोकळी झाली, त्यामुळे तो फ्री शुगरमध्ये. उसाच्या रसात साधारण १२ ते १५ टक्के साखर असते, म्हणजे मोठा ग्लास असेल तर कोल्ड्रिंकच्या बरोबरीचा किंवा जास्तच. रसवंतीवर बर्फ किती घातला त्यावर ते बदलतं, ते पण विचारा. नारळपाणी मी वेगळ्या रकान्यात ठेवते, साखर कमी असते आणि तज्ज्ञांचं पण एकमत नाही, बेरजेत घालू नका पण लिहून ठेवा.

आयएपीच्या त्याच सूचनांमध्ये रसाची मर्यादा २ ते ५ वर्षांसाठी दिवसाला १२५ मिली आणि पाचच्या पुढे २५० मिली आहे, तीही ताज्या रसाला पसंती देऊन. जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेने, कंपन्यांना पॅकबंद रसावर '१०० टक्के फ्रूट ज्यूस' असा दावा छापू नका असं सांगितलं, तेव्हा जुन्या पाकिटाचा फोटो असेल तर त्यावरच्या शब्दांवर जाऊ नका, मागचा तक्ता वाचा.

डाएट, झिरो, शुगर फ्री?

वेगळा रकाना. साखरेच्या बेरजेत शून्य, पण यादीत असायलाच पाहिजे. आजकाल बऱ्याच पेयांत थोडी साखर आणि थोडा स्वीटनर (साखर न घालता गोडी आणणारा पदार्थ) असं मिक्स असतं, त्यामुळे नावावरून ठरवू नका. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करायला असे स्वीटनर वापरू नका अशी सूचना काढलीय, म्हणजे हा रकाना पुढे कोणाच्या तरी कामाला येणार आहे.

ओआरएस?

खरं ओआरएस औषध आहे, जुलाब झालेल्या मुलाला दिलं असेल तर ते गोड पेय म्हणून मोजायचं नाही. त्याच्या ठरलेल्या फॉर्म्युल्यात एक लिटर पाण्यात १३.५ ग्राम ग्लुकोज असतं, बस. पण नावात ओआरएस लावलेली फळांच्या चवीची गोड पेयं कित्येक वर्षं मेडिकलच्या दुकानात मिळत होती आणि आया विश्वासाने घ्यायच्या. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षं पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने फॉर्म्युल्यात न बसणाऱ्या पेयांच्या नावात हा शब्द वापरायला बंदी घातली. मोजताना 'पावडरची पुडी पाण्यात कालवली की तयार खोका आणला' एवढं विचारलं तर बऱ्यापैकी कळतं.

आईला विचारायचं की मुलाला?

साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मूल स्वतः नीट सांगू शकत नाही. वेळेचा अंदाज नसतो, 'काल' म्हणजे परवा पण असू शकतं. तेव्हा आई, आजी, जो कोणी दिवसभर सांभाळतो त्याला विचारा, आणि इथे गोची अशी असते की दिवसा आजी सांभाळते आणि सर्व्हेला उत्तर आई देते. घराबाहेर जे झालं ते आईला माहीतच नसतं, अंगणवाडीत काय मिळालं, शेजारी काय दिलं.

आठ ते अकरा-बारा या वयात दोघांना एकत्र बसवा, मूल सांगेल आणि मोठ्यांनी भर घालायची. बाराच्या पुढे मुलाला एकट्याला. अमेरिकेतला जो मोठा राष्ट्रीय सर्व्हे आहे, एनहेन्स, त्यात पण जवळपास असंच आहे: पाच वर्षांपर्यंत मोठी व्यक्ती सांगते, ६ ते ११ मूल सांगतं आणि मोठे मदत करतात, १२ पासून स्वतः.

मोठ्या मुलांच्या बाबतीत आईसमोर विचारू नका, अगदी कळकळीने सांगते. खाऊच्या पैशातून घेतलेलं एनर्जी ड्रिंक कोणताही मुलगा आईसमोर कबूल करणार नाही आणि त्याने का करावं.

'काल काय प्यायलास' असं विचारतात ते नीट कसं करायचं?

याला चोवीस तासांची आठवण म्हणतात, ट्वेंटी फोर अवर रिकॉल. एकदम 'काल किती कोल्ड्रिंक प्यायलास' असं विचारलं तर उत्तर येतं 'नाही प्यायलो' आणि विषय संपतो. त्यापेक्षा अमेरिकेच्या कृषी खात्याने पाच फेऱ्यांची जी पद्धत बसवलीय ती वापरा. आधी मुलाला मनाने भराभर सांगू द्यायचं, मध्ये टोकायचं नाही. मग विसरलेल्या गोष्टींची आठवण करून द्यायची: चहा घेतला का, बिस्किट कशात बुडवलं, वाढदिवस होता का कुणाचा, ट्यूशनहून येताना काही घेतलं का, मामा आला होता का. मग प्रत्येक गोष्ट कधी आणि कुठे ते विचारायचं. मग खोलात जायचं, कुठलं, किती, त्यात बर्फ किती, अर्धं दिलं का भावाला. आणि शेवटी परत एकदा सगळा दिवस वाचून दाखवायचा आणि 'अजून काही राहिलं का' विचारायचं. शेवटच्या फेरीत हमखास काहीतरी निघतं.

दिवस घड्याळाला नाही, घटनेला बांधा. 'शाळा सुटल्यावर', 'क्रिकेट खेळून आल्यावर', 'मालिका लागली तेव्हा' असं विचारलं की मुलं सांगतात. चार वाजता काय प्यायलास याला उत्तर मिळत नाही.

अजून एक. अमेरिकेत साउथ कॅरोलिनात चौथीच्या मुलांना शाळेत जेवताना लांबून बघून लिहून घेतलं आणि नंतर त्यांनाच विचारलं, असे बरेच अभ्यास झालेत. त्यात दिसलं की मुलं खाल्लेलं विसरतात तर खरंच, पण न खाल्लेलं पण सांगतात, आणि विचारण्याची वेळ जेवढी जवळ तेवढं उत्तर बरोबर. म्हणजे 'काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत' यापेक्षा 'आत्तापासून मागचे चोवीस तास' हे जास्त नीट आठवतं. आपल्याकडे बहुतेक फॉर्म कालच्या पूर्ण दिवसाचेच असतात, बदलता आलं तर बदला.

किती वेळा विचारायचं की किती मिली?

दोन्ही. 'आठवड्यातून तीनदा' हे वाक्य अर्धंच आहे, २०० मिलीची काचेची बाटली तीनदा म्हणजे आठवड्याला ६०० मिली, आणि तीच ७५० ची बाटली मित्रासोबत अर्धी-अर्धी तीनदा म्हणजे अकराशेच्या वर. फक्त वेळा विचारणारे सर्व्हे सोपे असतात आणि मोठ्या देशांच्या तुलनेसाठी बरे असतात. युरोप आणि कॅनडात शाळकरी मुलांचा एचबीएससी म्हणून सर्व्हे होतो, ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांचा, त्यात आठवड्यातून किती वेळा एवढंच विचारतात. अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांना मागच्या ७ दिवसांत किती वेळा सोडा प्यायलात असं विचारतात आणि डाएट धरू नका असं स्पष्ट लिहितात. पण तुम्हाला साखर काढायची असेल तर मिली लागणारच. व्हर्जिनिया टेकच्या लोकांनी बनवलेली बीईव्हीक्यू-१५ म्हणून १५ पेयांची छोटी प्रश्नावली आहे, ती मागच्या महिन्यात किती वेळा आणि दर वेळी किती असं दोन्ही विचारते. तिचा साचा चांगला आहे, फक्त पेयं आपली घाला.

ग्लास किती मिलीचा हे कसं कळणार?

घरी गेलात तर मुलाचा नेहमीचा पेला, मग, फुलपात्र, कप मागा आणि तो जिथपर्यंत भरतो तिथपर्यंत पाणी भरून मापात ओता, दोन मिनिटांचं काम आहे. शाळेत करत असाल तर चार-पाच भांडी घेऊन जा आणि मुलाला स्वतः पाणी ओतून दाखवायला सांगा. बोलून 'एक ग्लास' म्हणणारं पोर ओतून दाखवताना अर्धाच भरतं, किंवा उलट. पॅकबंद असेल तर किंमत विचारा, मुलांना मिली आठवत नाहीत पण दहावाला की वीसवाला हे पक्कं आठवतं, आणि त्या किमतीचं पॅक दुकानात जाऊन बघता येतं.

साखर कशी काढायची? एक उदाहरण द्या ना.

सूत्र साधं आहे, मिली गुणिले १०० मिलीमागे साखर, भागिले १००. कोला प्रकारात १०० मिलीमागे साधारण १०-११ ग्राम साखर असते, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत २६ ग्रामच्या आसपास. एक सपाट चहाचा चमचा ४ ग्राम धरतात, म्हणजे साडेसहा चमचे.

आता एक नऊ वर्षांची मुलगी धरा, हे मी हिशोबासाठी बनवलेलं उदाहरण आहे. सकाळी छोटा कप चहा, त्यात दीड चमचा साखर, ६ ग्राम. शाळेतून येताना १५० मिलीचा मँगो ड्रिंकचा खोका, १०० मिलीमागे १२ ग्राम, म्हणजे १८ ग्राम. रात्री दूध, त्यात २० ग्राम पावडर आणि वरून एक चमचा साखर. पावडरमध्ये १०० ग्राममागे ३२ ग्राम वरून घातलेली साखर असेल तर ६.४ अधिक ४, म्हणजे १०.४ ग्राम. एकूण ३४.४.

आता बघा, हिला 'कोल्ड्रिंक' विचारलं तर उत्तर शून्य. 'पॅकबंद पेय' विचारलं तर १८. सगळं विचारलं तर ३४.४. मुलगी तीच, दिवस तोच, आणि रिपोर्ट तीन वेगळे.

लेबल वाचताना एक काळजी घ्या. आता पाकिटावर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर दोन्ही लिहितात. दुधाच्या पेयासाठी वरून घातलेली धरा, कारण दुधाची स्वतःची साखर मोजायची नाही. ज्यूससाठी एकूण धरा, कारण तिथे 'वरून शून्य' असलं तरी रसातली साखर मोकळीच असते. आणि लेबलचा फोटो तारखेसकट ठेवा, आकडे बदलतात. २०२३ मध्ये एवढा वाद झाल्यावर बोर्नविटाने १०० ग्राममागची वरून घातलेली साखर ३७.४ वरून ३२.२ ग्रामवर आणली, जुना आकडा वापरला तर पुढचं सगळं चुकत जातं.

मग किती म्हणजे जास्त?

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्ये २ ते १८ वयासाठी वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रामच्या आत सांगितली, आणि दोन वर्षांखाली अजिबात नको. जागतिक आरोग्य संघटना रोजच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत आणि शक्य असेल तर ५ टक्क्यांच्या आत म्हणते. नऊ वर्षांच्या मुलाला साधारण १७०० कॅलरी लागतात, म्हणजे १० टक्के ४२ ग्राम आणि ५ टक्के २१ ग्राम. पण लक्षात घ्या ही मर्यादा सगळ्या खाण्यापिण्याची मिळून आहे, बिस्किट, शिरा, जॅम, चॉकलेट सगळं. वरच्या उदाहरणातल्या मुलीचे ३४ ग्राम तर नुसत्या पिण्यातून गेले.

एका दिवसाची माहिती पुरते का?

गटासाठी पुरते, एका मुलासाठी नाही. एका दिवसावरून 'सहावी ब मध्ये काल किती मुलांनी गोड पेय घेतलं' हे सांगता येतं, पण 'आर्यन रोज पितो' हे सांगता येत नाही. काल त्याच्या बहिणीचं केळवण असेल. निदान काही मुलांना दुसऱ्यांदा विचारा, लागोपाठचा दिवस नको, आणि एक रविवार यायलाच हवा.

आणि महिना. आपले शाळेतले सर्व्हे जुलै ते फेब्रुवारीत होतात, पण गोड पेयांचा खरा सीझन एप्रिल-मे, तेव्हा परीक्षा नाहीतर शाळा बंद. सुट्टीत मूल गावी, लग्नसराई, जत्रा, दुपारभर घरात. शाळेच्या सर्व्हेला हे काहीच दिसत नाही. जमलं तर मे मध्ये फोनवर थोड्या मुलांना विचारा, नाही जमलं तर रिपोर्टवर महिना मोठ्या अक्षरात लिहा.

मुलं खोटं सांगतात का?

खोटं हा शब्द मला आवडत नाही. मूल तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतं. आदल्या आठवड्यात 'साखर वाईट' असं भाषण झालं असेल तर पुढच्या सर्व्हेत आकडा कमी येतो आणि सगळे खूश होतात, पण कमी झालं ते पिणं की सांगणं हे कळत नाही. म्हणून पहिली मोजणी भाषणाच्या आधी. डायरी लिहायला दिली तर लिहावं लागतं म्हणूनच मुलं कमी पितात, तो पण परिणाम धरा. वय आणि वजन वाढतं तसं कमी सांगण्याचं प्रमाण पण वाढतं हे ठिकठिकाणी दिसलंय, जाड म्हणून चिडवलेल्या मुलाला तर हा प्रश्न टोचतोच. विचारताना भुवया वर करू नका, 'बापरे एवढं' म्हणू नका, 'शाब्बास' पण म्हणू नका. आणि वर्गात हात वर करायला लावून मोजणी कधीच करू नका.

रक्त किंवा लघवी तपासून कळत नाही का? तिथे तर सांगण्याचा प्रश्नच नाही.

थोडंफार कळतं. चोवीस तासांच्या लघवीतल्या सुक्रोज आणि फ्रुक्टोजवरून एकूण साखरेचा अंदाज येतो, पण ती फळातली की बाटलीतली हे कळत नाही, आणि मुलांकडून चोवीस तासांची लघवी गोळा करणं किती अवघड आहे ते ज्याने केलंय त्याला विचारा.

दुसरी पद्धत कार्बन-१३ ची (कार्बनचा जरा जड प्रकार), बोटातून थेंबभर रक्त किंवा केस घेऊन. ऊस आणि मका ही वेगळ्या प्रकारे प्रकाशसंश्लेषण करणारी झाडं आहेत, सी-४ म्हणतात, त्यांच्या साखरेत कार्बन-१३ जरा जास्त असतो. अमेरिकेत साखर उसाची किंवा मक्याच्या सिरपची, आणि पोळी-ब्रेड गव्हाचा, म्हणून तिथे फरक दिसतो. आपल्याकडे मात्र ज्वारी आणि बाजरी पण सी-४ आहेत. म्हणजे सोलापूर-बीडकडचं रोज भाकरी खाणारं पोर या तपासणीत गोड पिणारं वाटू शकतं. बाहेरची पद्धत जशीच्या तशी उचलू नका म्हणते ते यासाठी.

कंपन्यांच्या विक्रीवरून काढता येईल ना?

विक्रीवरून देशाचा कल कळतो, मूल कळत नाही. घरात आलेली दोन लिटरची बाटली कोणी प्यायली हे बिलावर नसतं. आणि मुलाने टपरीवर सुट्ट्या पैशात घेतलेलं सरबत कुठल्याच बारकोडमध्ये येत नाही. २०२२-२३ च्या सरकारी घरखर्च सर्व्हेत पेयं आणि तयार खाद्यपदार्थ यांवरचा खर्च घराच्या एकूण खर्चाच्या गावात ९.६ टक्के आणि शहरात १०.६ टक्के निघाला, मोठा आकडा आहे, पण तो अख्ख्या घराचा आणि चहा-वडापाव-चिप्स सगळं मिळून.

भारतात मुलांचे असे सरकारी आकडे नाहीत का?

आहेत, पण तुकड्या-तुकड्यांत. एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे, १५ ते ४९ वयाला फेसाळ पेय रोज, आठवड्यातून, कधीतरी की कधीच नाही एवढंच विचारतो. २०१६-१८ च्या सीएनएनएस या मुलांच्या राष्ट्रीय पोषण सर्व्हेमध्ये ० ते १९ वयाची एक लाख बारा हजारांहून जास्त मुलं होती, त्यात फेसाळ पेयाचा प्रश्न आठवड्याच्या हिशोबाने होता, मिली नव्हते. ६ ते २३ महिन्यांच्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २०२१ मध्ये नवीन निर्देशांक आणलाय, काल गोड पेय मिळालं का, हो की नाही, आणि त्यात ज्यूस पण धरतात. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना शुगर बोर्ड, म्हणजे कशात किती साखर ते दाखवणारे फलक, लावायला सांगितले, चांगलं झालं, पण बोर्डावर लिहायला आपल्याच शाळेचा आकडा असेल तर मुलं थांबून वाचतात.

एनर्जी ड्रिंक वेगळं का विचारायचं?

कारण साखरेसोबत कॅफिन आहे. नियमाप्रमाणे लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्राम आणि बाटलीवर मुलांसाठी नाही असं छापावं लागतं. वीस रुपयांत मिळायला लागल्यापासून आठवी-नववीची मुलं, क्लासला जाणारी, क्रिकेट खेळणारी, सर्रास घेताना दिसतात. किती वाजता प्यायलं आणि रात्री झोप कधी लागली हे पण विचारा. आणि कुठून घेतलं ते विचाराच, एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमानुसार जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत.

किती मुलं घ्यायची?

टक्केवारी दहाने इकडेतिकडे चालणार असेल तर साधारण १००, पाचनेच चालणार असेल तर ३८५, हे मुलं खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तर. एकाच शाळेतले वर्ग उचलले तर जास्त लागतात, कारण एका टपरीवर जाणारी मुलं सारखंच पितात. वर्गातली पुढची दोन बाकं आणि हुशार मुलं असं करू नका.

सरासरी काढली, झालं ना?

नाही. ४० मुलांचा वर्ग धरा, २८ जणांनी काहीच घेतलं नाही, ८ जणांनी २०० मिली, ४ जणांनी ६०० मिली. सरासरी आली १०० मिली, पण १०० मिली पिणारं एकही मूल वर्गात नाही. आणि एकूण पेयातलं ६० टक्के त्या चौघांनी प्यायलं. म्हणून तीन गोष्टी लिहा, किती टक्के मुलं अजिबात घेत नाहीत, घेणारी मुलं सरासरी किती घेतात, आणि सगळ्यात जास्त घेणारी किती. त्या चौघांची नावं कुठेही नकोत.

परवानगी लागते का?

लागते. पालकांची संमती आणि मुलाची पण. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या नियमांत ७ ते १२ वयाला तोंडी आणि १२ ते १८ ला लेखी होकार घ्यायला सांगितलंय. नाव, फोन नंबर न घेता काम होत असेल तर घेऊच नका, रोल नंबरच्या जागी कोड द्या.

शुगर बोर्ड लावला, कँटीन बदललं, किंवा टॅक्स बदलला, तर फरक पडला हे कसं दाखवायचं?

आधी आणि नंतर, त्याच महिन्यात, त्याच प्रश्नावलीने, आणि शक्य असेल तर बाजूच्या अशा शाळेत पण जिथे काहीच बदललं नाही. मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरला १ पेसो टॅक्स लावला, तेव्हा शहरांतल्या घरांच्या खरेदीवरून त्या वर्षी सरासरी ६ टक्के आणि डिसेंबरपर्यंत १२ टक्के घट दिसली, कारण टॅक्सच्या आधीची माहिती हातात होती.

पेय आणि साखर दोन्ही वेगळं मोजा. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१८ पासून १०० मिलीमागे ५ ग्राम किंवा त्याहून जास्त साखर असलेल्या पेयांवर कर आला, ८ किंवा त्याच्या वर अजून जास्त. कंपन्यांनी आधीच साखर कमी करून टाकली. वर्षभराने बघितलं तर लोक पेयं तेवढीच घेत होते पण घरटी आठवड्याला सुमारे ३० ग्राम साखर कमी झाली होती. कुणी नुसत्या बाटल्या मोजल्या असत्या तर काहीच झालं नाही असं लिहिलं असतं.

आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलात फेसाळ गोड पेयांवर ४० टक्के दर आला, आधीचे २८ अधिक १२ सेस मिळून तेवढेच होते, पण फेस नसलेली फळांची पेयं १२ वरून ५ टक्क्यांवर आली. म्हणजे मुलं कोलाकडून खोक्यातल्या मँगोकडे वळू शकतात आणि कोल्ड्रिंकचा आकडा खाली दिसला तरी साखर तेवढीच राहू शकते. म्हणून पहिल्या दिवसापासून फेसाळ, फळांचं, दुधाचं, चहा आणि सरबत असे पाच मुख्य रकाने ठेवा आणि पुढच्या वर्षी काही केल्या ते बदलू नका, नवीन पेय बाजारात आलं तर सहावा रकाना जोडा पण जुने पाच तसेच राहू द्या.